जिवंत सॉफ्टवेअरची चौकशी

आमच्या कॉलेजची सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीची खेळाच्या सामानाची खोली. कॅरमचा एक बोर्ड अजून भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्यासमोर टेबलावर दोन सर्व्हर आहेत. शिरवळच्या एका कारखान्याने नवीन घेतले तेव्हा हे जुने साताऱ्याला आमच्या कॉलेजला भेट दिले. खंडेनवमीला त्यांना हार घालतात. गेल्या वर्षी कुणीतरी हळद जरा सढळ हाताने वाहिली, ती पंख्यातून आत गेली, आणि नंतर महिनाभर सर्व्हरच्या मागून पिवळट गरम हवा येत होती. सर म्हणाले, शुभ आहे.

या दोन मशिनींच्या पोटात अडतीस नकली मशिनी चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा कॉम्प्युटर एकच, पण आत त्याचे असे भाग पाडलेले की प्रत्येक भागाला वाटतं आपणच अख्खा कॉम्प्युटर. मी हे आईला फोनवर समजावून सांगायला गेले. आई सांगलीकडे आमच्या गावी असते. शाळा तिने चौथीत सोडली.

"म्हंजी एका घरात अडतीस चुली?" ती म्हणाली.

"व्हय, तसंच."

"मग भांडनं लय हुत असतील."

होतात. मेमरीवरून होतात, डिस्कवरून होतात. आमच्या पुस्तकात यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात आईच्या वाक्यापेक्षा जास्त काही नाही, असं माझं मत आहे. परीक्षेत मी तसं लिहिलं नाही.

तर या अडतीस मशिनींमध्ये शेवटच्या वर्षाच्या अडतीस गटांचे प्रोजेक्ट होते. वर्षभराचं काम. त्या मशिनी बनवायच्या, चालू-बंद करायच्या, त्यांची रोजची प्रत काढून ठेवायची, हे सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्याच्या मालकांनी एक दिवस जाहीर केलं की आता यापुढे आम्ही यात काही दुरुस्ती करणार नाही. म्हणजे उद्या त्यात भोक सापडलं तर ते बुजवणारं कुणी नाही. सरांनी हे वर्गात सांगितलं आणि म्हणाले, "आता आपल्याला ओपन सोर्समधलं काहीतरी शोधायला पाहिजे. पण चालू असलेलं हवं."

मी हात वर केला. मला खरंच कळलं नव्हतं. मी विचारलं, "सर, चालू असलेलं म्हणजे काय?"

सर माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. "व्हेरी गुड क्वेश्चन," ते म्हणाले. "तूच शोध."

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे सरांनी काही सांगितलं की त्याला नाही म्हणता येतं, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा सगळा कोड उघड्यावर असतो. कुणीही बघावा, कुणीही सुधारावा. कुठली ओळ कोणी, कधी बदलली हेही तिथे दिसतं. मला हे फार आवडलं. आमच्या गावात कुठल्या बांधाची कुठली ओळ कोणी कधी बदलली हे असं उघड्यावर असतं तर कोर्टातल्या निम्म्या तारखा मिटल्या असत्या.

मी आठवडाभर बघून तीन सॉफ्टवेअर काढली. त्यांची इंग्रजी नावं माझ्या रूममेटच्या तोंडात बसेनात, म्हणून आम्ही त्यांना थोरलं, मधलं आणि धाकटं म्हणायला लागलो. रूममेट कोयनानगरची. तिचे वडील तिथल्या वीजघरात आहेत, आणि ती लहानपणापासून भूकंपाचे धक्के खात वाढल्यामुळे तिला कशाचीच घाई नसते. तिचा प्रोजेक्टही त्या अडतिसांत होता. थोरलं सॉफ्टवेअर इतकं मोठं होतं की ते चालवायलाच आमच्या दोन्ही सर्व्हरचा जीव गेला असता. धाकट्याचा स्क्रीन बघितला तर सरकारी फॉर्म भरतोय असं वाटायचं. मधलं मात्र सुंदर. निळी बटणं, गोल कोपरे. हजारो लोकांनी त्याला पसंतीच्या चांदण्या दिलेल्या, आणि वर लिहिलेलं: शेवटचा बदल दोन दिवसांपूर्वी.

दोन दिवसांपूर्वी! याहून चालू काय असतं? मी सरांना मधलं दाखवलं. सरांना निळा रंग आवडतो. त्यांनी विभागाच्या बैठकीत त्याची स्लाइड केली, प्राचार्यांनी मान हलवली, आणि पुढच्या शनिवारी सगळ्या मशिनी मधल्यावर हलवायचं ठरलं. तोंडी परीक्षा त्यानंतर दोन आठवड्यांनी. बैठकीत सर म्हणाले की आमच्या एका विद्यार्थिनीने हे शोधलं आहे. मी दारात उभी होते. मी उगाचच खाली बघितलं, जणू जमिनीवर काहीतरी सांडलं होतं.

त्याच आठवड्यात रविवारी मी गावी गेले. मामाने बोलावलं होतं. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आणि आता आमच्या सगळ्या नात्यात स्थळाची चौकशी करण्याचं काम त्याच्याकडे आहे. त्याच्याच मुलीला, माझ्या मामेबहिणीला, कुंडलचं स्थळ आलं होतं. चौकशीला बरोबर एखादी शिकलेली मुलगी असावी असं त्याला वाटलं. का, ते त्याने सांगितलं नाही.

चौकशीला कुणी सरळ त्या घरी जात नाही. घरात पोहे छान होतात आणि सगळे खरं सोडून बाकी सगळं सांगतात. मामाची पद्धत वेगळी. त्याने मोटारसायकलवर आमच्या दोघांच्या मध्ये दहा किलो ज्वारीचं पोतं ठेवलं, आणि आपल्या गावच्या चार गिरण्या सोडून ते दळायला आम्ही कुंडलला गेलो. माझ्या ड्रेसचा पुढचा भाग पांढरा झाला होता आणि अजून दळण व्हायचं होतं.

गिरणीवाल्याने पोतं बघितलं, मामाच्या मिशा बघितल्या, आणि पट्टा चालू करायच्या आधीच म्हणाला, "कुनाच्या घरची चौकशी हाय?"

"चौकशी कसली? दळान आनलंय," मामा म्हणाला.

"आवं पावनं, गेल्या म्हयन्यात चौघं आलते असंच पोतं घिऊन. एकानं तर तांदूळ आनलं, त्येबी धुतल्यालं. बसा."

मामा बसला. त्याने घराचं वर्णन केलं. रस्त्याकडचं, दुमजली, पुढं पेरूचं झाड. मुलगा घरची शेती बघतो असं मामाला सांगण्यात आलं होतं.

"त्या घरचं दळान शेवटचं कवा आलतं?" मामाने विचारलं.

"परवाच की."

मला बरं वाटलं. घर चालू आहे म्हणून मी मनात टिकसुद्धा केली. मामा मात्र हलला नाही.

"आनलं कुनी?"

गिरणीवाल्याने पट्ट्याकडे बघितलं. "गड्यानं. गडीच आनतो दर आठवड्याला. घरची समदी पुन्याला जाऊन दोन वर्सं झाली. पोरगा तितंच कंपनीत हाय. गडी मागच्या खोलीत ऱ्हातो. त्योच दळतो, त्योच खातो. संध्याकाळी पुढची लाइट लावतो, म्हंजी लोकांस्नी वाटावं घर जागं हाय."

मामाने पीठ भरून घेतलं. परत येताना पलूस मागे पडलं. मग मामा गाडीचा वेग कमी करून, मान न वळवता म्हणाला, "पोरगा कंपनीत हाय ह्ये वाईट न्हाई गं. पन शेती बघतो म्हनून सांगितलं. दळान परवा आलं ह्येबी खरंच हाय बग. पन कवा आलं येवढंच इचारून मानूस घरी गेला की फसला."

मी पोत्याला धरून बसले होते. मला मधल्याच्या पानावरचं 'दोन दिवसांपूर्वी' आठवलं.

त्याच दुपारी साताऱ्याला जाणाऱ्या एसटीत मी मोबाइलवर मधल्याचं पान उघडलं. शेवटचा बदल चार दिवसांपूर्वी. कोणी केला? एका बॉटने. बॉट म्हणजे छोटा प्रोग्राम. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की आपल्या यादीतला आकडा वाढवायचा, एवढंच त्याचं काम. त्याआधीचा बदल? बॉट. त्याआधीचा? बॉट. मी कराडपर्यंत खाली खाली जात राहिले. माणसाने केलेला शेवटचा बदल दोन वर्षांपेक्षा जुना होता. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची यादी उघडली तर तिथे लोकच एकमेकांना धीर देत होते. एकाने नुसतं विचारलं होतं, "इथं कुणी आहे का?" आणि त्याच्याखाली सातजणांनी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं होतं. उत्तर कुणाचंच नव्हतं.

पुढची लाइट मात्र रोज लागत होती.

हॉस्टेलवर आल्यावर मी एक गोष्ट केली, ती सांगायला मला अजून लाज वाटते. ज्याने हे सॉफ्टवेअर बनवलं त्या माणसाला मी पत्र लिहिलं. इंग्रजीत पत्र म्हणजे मला एकच येतं, दहावीला शिकलेलं. उजवीकडे तारीख, मग आदरणीय महोदय, मग विषय, मग 'वरील विषयास अनुसरून मी नम्रपणे विनंती करते की'. असं सगळं लिहून मी विचारलं की आपलं सॉफ्टवेअर आपण अद्याप सांभाळत आहात किंवा कसे, याबाबत खुलासा व्हावा. खाली 'आपली विश्वासू' लिहून पाठवलं. रूममेटने ते वाचलं आणि ती पलंगावर आडवी पडून हसली.

"आगं, बसचा पास मागतीयास का त्याच्याकडं?"

"मग कसं लिहायचं?"

"मला काय म्हाईत? पन त्यो आता शिक्का शोधत बसंल."

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. माणूस चांगला होता. त्याने लिहिलं होतं की त्याला आजपर्यंत कुणी आदरणीय म्हटलेलं नाही आणि पत्र त्याने बायकोला वाचून दाखवलं. त्याला मूल झालं, मग त्याने मधमाश्या पाळायला घेतल्या, आणि दोन वर्षांत त्याने हा कोड उघडलेला नाही. बंद करतो असं लिहायचं राहून गेलं, कारण लिहिताना वाईट वाटतं. शेवटी होतं: ज्या कामाला किंमत आहे अशा कुठल्याही कामासाठी कृपया हे वापरू नका.

तो सोमवार होता. शनिवारी मशिनी हलणार होत्या.

मला सरांना सांगायचं होतं. सोमवारी मी स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले, तेव्हा सर फोनवर होते. मंगळवारी गेले, तेव्हा ते फोनवर नव्हते, म्हणून परत आले. मला वाटत होतं की एवढं सांगितलं की संपलं. प्राचार्यांपर्यंत गेलेली गोष्ट. पुढे कधी हात वर केला तर सर दुसरीकडे बघतील. आणि खरं सांगायचं तर मनात हेही येत होतं की मधलं लगेच कुठे पडतंय? परीक्षेपर्यंत तग धरेल. मग आम्ही पास होऊन जाऊ, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांचं पुढच्या वर्षीची मुलं बघतील.

हे मी रूममेटला बोलून दाखवलं. ती केस विंचरत होती.

"माझा प्रोजेक्ट हाय त्यात," ती म्हणाली.

"तग धरंल गं."

"तू कोयनेच्या पोरीला तग धरंल म्हनून सांगतीयास? आमच्यात धक्का बसला की पयलं भाईर पळत्यात, मग तग धरतंय का बगत्यात." तिने फणीतले केस काढले. "जा. न्हाईतर मी जाते आनि मधमाश्यांचं सांगते."

बुधवारी मी गेले. सर डबा खात होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, जरा चुकीच्या क्रमाने. आधी मधमाश्या, मग बॉट, मग माफी.

"पण दोन दिवसांपूर्वीचा अपडेट होता. तूच दाखवलास," सर म्हणाले.

"सर, तो माणसाने नव्हता केला. आपोआप झाला होता."

"मग चांगलंच आहे की! ऑटोमेशन."

मी मोबाइल पुढे केला. सरांनी उत्तर वाचलं. मग चष्मा वर करून परत वाचलं.

"मधमाश्या?"

"हो सर."

"म्हणजे मी प्राचार्यांना काय सांगू? मधमाश्या?"

"चूक माझी होती असं सांगा सर."

"ते तर सांगणारच आहे." सरांनी भाजीत पोळी बुडवली आणि बराच वेळ ती तशीच धरून ठेवली. "तुला हे आधी का नाही कळलं?"

"सर, कधी बदललं ते मी बघितलं. कोणी बदललं ते बघितलं नाही."

सर रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते दमल्यासारखे दिसले. आमचे सर शिकवतात ते सगळं त्यांना येतंच असं नाही, हे मुलांना माहीत आहे, आणि मुलांना माहीत आहे हे सरांना माहीत आहे. त्यांनी स्लाइड केली होती ती माझ्या भरवशावर. शेवटी ते म्हणाले, "लेखी दे."

आमच्याकडे कुठलीही गोष्ट लेखी दिल्याशिवाय घडलेली नसते. मी अर्ज लिहिला. विषय: माझी शिफारस मागे घेणेबाबत. ऑफिसातल्या क्लार्कने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "हा कुठल्या फाइलला लावू? स्कॉलरशिपच्या की रॅगिंगच्या?" त्यांना दोनच फाइली जवळ वाटल्या असाव्यात. सरांनी स्थलांतर एक आठवडा पुढे ढकललं. प्राचार्य काय म्हणाले ते सरांनी मला सांगितलं नाही. पुढच्या बैठकीला मला दारात उभं राहायला बोलावलं नाही, एवढं मात्र खरं.

त्या आठवड्यात मी धाकट्याच्या पानावर जाऊन बसले. बटणांकडे बघितलं नाही. कोण काय बदलतंय, कोण कुणाला काय बोलतंय, हे वाचत राहिले. तिथे भांडणं होती. डिस्कची प्रत कशी घ्यावी यावर दोन माणसं तीन महिने भांडत होती आणि तिसरा मध्ये पडून दोघांच्या शिव्या खात होता. पण प्रत्येक भांडणानंतर काहीतरी दुरुस्त झालेलं असायचं, आणि ते करणारे पाच-सहा वेगवेगळे लोक होते. त्यातला एक मधमाश्या पाळायला गेला तरी बाकीचे राहिले असते. मी एक साधा प्रश्न टाकून बघितला. चार तासांत उत्तर आलं, ते असं की हे माहितीपुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिलेलं आहे, वाचत जा. होतं. नवव्या पानावरच होतं.

मग मी माझ्याच गटाची मशीन धाकट्यावर नेली, मुद्दाम बंद पाडली, प्रतीवरून परत उभी केली, आणि शेवटी तिथून काढून साध्या फाइलीत बाहेरही आणली. बाहेर येता येतंय ना, हे मला आत जाण्याआधी बघायचं होतं. सरांना हे दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हेही उद्या बंद पडलं तर?"

"पडेल सर कधीतरी. मग ह्याच फाइली घेऊन दुसरीकडे जाऊ."

"स्क्रीन फारच भिकार आहे," सर म्हणाले. पण त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळी दहाला आम्ही सुरू केलं. सर, मी, रूममेट. एकेक मशीन बंद करायची, तिची डिस्क हलवायची, धाकट्यावर उठवायची, त्या गटाला फोन करून बघायला सांगायचं. दुपारी तीनपर्यंत सदतीस उठल्या. अडतिसावी उठेना. पडद्यावर एकच ओळ येऊन थांबायची की चालू करायला डिस्कच सापडत नाही. ती रूममेटची होती.

ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

प्रत होती, डिस्क होती, सगळं होतं, आणि मशीन म्हणत होती नाही. सर माझ्या मागे उभे होते. मी तासभर खटपट केली. मग धाकट्याच्या पानावर प्रश्न लिहिला. घाईत लिहिला, त्यामुळे चुका झाल्या असणार. वीसेक मिनिटांनी त्या भांडणाऱ्या दोघांपैकी एकाचं उत्तर आलं. सरांनी ते माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचलं. त्याने लिहिलं होतं की तुम्ही आवृत्ती सांगितलेली नाही, लॉग, म्हणजे मशीनने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी, जोडलेला नाही, प्रश्न असा विचारत नाहीत. बहुतेक तुमची जुनी मशीन डिस्कला जुन्या पद्धतीने जोडलेली आहे आणि नव्या पद्धतीने तिला ती दिसत नाही. सेटिंगमध्ये जोडणी जुनी करा. आणि पुढच्या वेळी लॉग जोडा.

मी सेटिंग बदललं. रूममेटने माझं मनगट धरलं होतं, त्यामुळे माउस नीट चालत नव्हता. पडदा काळा झाला, बराच वेळ काळा राहिला, मग पांढऱ्या ओळी वर सरकायला लागल्या.

"उठली बग," ती म्हणाली, आणि मनगट सोडलं. तिथे तिच्या चार बोटांच्या खुणा उमटल्या होत्या.

सर अजून उत्तराकडे बघत होते. "कोण आहे हा?"

"माहीत नाही सर."

"आपल्याला ओळखतो?"

"नाही सर."

"मग शनिवारी बसून त्याने आपल्याला का सांगितलं?"

मी विचार केला. मला खरं उत्तर द्यायचं होतं. "सर, मला वाटतं आपण प्रश्न चुकीचा विचारला हे त्याला सहन झालं नाही."

सर हो म्हणाले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि लॉग कसा जोडायचा ते दाखव म्हणाले.